सिद्धता पाठ होते, शंका राहून जाते

नववी-दहावीच्या भूमितीच्या वहीत एक पान हमखास सापडते. वर आकृती, तिच्याखाली ‘पक्ष’, मग ‘साध्य’, गरज असेल तर ‘रचना’ आणि शेवटी ‘सिद्धता’. प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण. अक्षर सुवाच्य, रेषा पट्टीने मारलेल्या. वही तपासणाऱ्याला बोट ठेवायला जागा नाही. पण त्याच विद्यार्थ्याला आकृतीतली अक्षरे बदलून दिली, किंवा त्रिकोण थोडा फिरवून काढून दिला, की पेन अडते. सिद्धता त्याला येत होती ती त्या अक्षरांसकट. अक्षरे गेली, तशी सिद्धताही गेली.

याचा दोष मुलांच्या आळसावर ढकलणे सोपे आहे. प्रत्यक्षात मुले शाळेने मागितले तेच देत असतात. परीक्षेला येऊ शकणाऱ्या प्रमेयांची यादी ठरलेली असते, प्रत्येक प्रमेयाच्या पायऱ्या ठरलेल्या असतात आणि त्या पायऱ्यांचे गुणही ठरलेले असतात. अशा वेळी हुशार मूल जे करील तेच बहुतेक मुले करतात. पायऱ्या पाठ करतात. प्रश्न एवढाच आहे, की यातून भूमिती शिकवण्याचा मूळ हेतू साधतो का?

सिद्धता म्हणजे शंकेला दिलेले उत्तर. ‘हे खरे आहे’ असे कोणी म्हणाले, की समोरच्याने विचारायचे, ‘कशावरून?’ त्या प्रश्नाचे पटेल असे, कोठेही न अडखळणारे उत्तर म्हणजे सिद्धता. शाळेत मात्र हे उत्तर फळ्यावर आधी येते आणि शंका कधी येतच नाही. जे पाठ्यपुस्तकात छापले आहे, बाईंनी सांगितले आहे आणि ज्याला ‘प्रमेय’ हे भारदस्त नाव आहे, त्यावर चौदा वर्षांचे मूल शंका कशी घेणार? मग सिद्धता हा एक विधी होतो. ज्यावर सर्वांचा विश्वास आहे ते आणखी एकदा ठरावीक शब्दांत लिहायचे.

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश होते, या प्रमेयाचेच पाहा. खालच्या इयत्तांत मुले कागदाचा त्रिकोण कापतात, त्याचे तीन कोपरे फाडतात आणि एकाशेजारी एक जुळवून ठेवतात. खाली सरळ रेषा तयार होते. वर्ग खूश. काही वर्षांनी हीच गोष्ट प्रमेय म्हणून समोर येते आणि एखादे मूल मनातल्या मनात विचारते, ‘हे तर आपण करून पाहिले होते, आता पुन्हा कशाला?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. बहुतेक वर्गांत त्याचे उत्तर ‘परीक्षेला येते म्हणून’ असेच असते.

खरे उत्तर याहून रंजक आहे. कागद फाडताना एखाद्या अंशाची चूक सहज होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. बेरीज १७९ आहे की १८०, हे फाटक्या कडांवरून कळत नाही. शिवाय वर्गात फार तर साठ त्रिकोण फाडले जातील. उरलेल्या असंख्य त्रिकोणांचे काय? आणि चार-पाच उदाहरणांत दिसलेला नियम पुढे टिकतोच असे नाही. वर्तुळावर २ बिंदू घेऊन जोडले तर वर्तुळाचे २ भाग होतात. ३ बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू इतर प्रत्येक बिंदूला जोडला तर ४ भाग, ४ बिंदूंना ८, ५ बिंदूंना १६. आता ६ बिंदूंना किती, असे विचारले की अख्खा वर्ग एका सुरात ‘३२’ म्हणतो. कोणत्याही तीन रेषा वर्तुळाच्या आत एकाच बिंदूत मिळणार नाहीत अशी काळजी घेऊन आकृती काढली आणि भाग मोजले, तर ते ३१ भरतात. पुन्हा मोजले तरी ३१. ही दहा मिनिटे ज्या वर्गाने अनुभवली, त्याला सिद्धतेची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता पुन्हा त्रिकोणाकडे. पुस्तकातल्या सिद्धतेत पहिलीच ओळ असते: शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा. ही रेषा कोठून आली? ती कोणाला सुचली? पुस्तक सांगत नाही आणि मूलही विचारत नाही. खरे तर ती रेषा मुलांनी खालच्या इयत्तेतच पाहिलेली असते. फाडलेले दोन खालचे कोपरे वरच्या कोपऱ्याच्या दोन बाजूंना जुळवले, की जी सरळ रेषा बनते तीच ही. कागद फाडण्याचा खेळ आणि प्रमेयाची ‘रचना’ या एकाच कल्पनेच्या दोन अवस्था आहेत. पण एक खालच्या वर्गात, दुसरी वरच्या वर्गात आणि मध्ये कोणी पूल बांधत नाही.

त्यानंतरची ओळ व्युत्क्रम कोन समान असल्याची. कंसातले हे कारण बहुतेक मुलांना शिक्क्यासारखे वाटते. पृथ्वीचा गोल वर्गात आणला तर त्याची किंमत कळते. उत्तर ध्रुवावरून एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन रेखावृत्तांवरून विषुववृत्तापर्यंत खाली यावे. दोन्ही रेखावृत्ते विषुववृत्ताला काटकोनात मिळतात. त्रिकोण तयार झाला आणि त्याच्या कोनांची बेरीज भरली २७० अंश. मग आपली सिद्धता कोठे मोडली? समांतर रेषेपाशी. गोलाच्या पृष्ठभागावर ‘सरळ’ रेषा म्हणजे विषुववृत्तासारखी मोठ्यात मोठी वर्तुळे, आणि अशी कोणतीही दोन वर्तुळे एकमेकांना छेदतातच. तिथे समांतर रेषा काढताच येत नाही. सपाट कागदावरचे प्रमेय त्या एका कारणावर उभे आहे, हे कळले की कंसातला मजकूर शिक्का राहत नाही, तो इमारतीचा खांब होतो.

या मातीत तर हा विचार नवा नाही. भारतीय गणितात सिद्धतेसाठी ‘उपपत्ती’ हा शब्द होता. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांनी उपपत्तीचे महत्त्व सांगताना दोन कारणे दिली आहेत. तिच्याशिवाय जाणकारांच्या सभेत गणकाला मान मिळत नाही आणि त्याची स्वतःचीही शंका फिटत नाही. सोळाव्या शतकात कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली, तीही त्यातल्या नियमांच्या उपपत्ती देण्यासाठी ओळखली जाते. भास्कराचार्यांची ती दोन कारणे आजच्या वर्गाला लावून पाहावीत. सभा आहे; ती म्हणजे परीक्षक. तिच्यासाठी सर्व काही नीटनेटके लिहिले जाते. स्वतःची शंका मात्र अभ्यासक्रमातून गळून गेली आहे.

ठरावीक साच्यात सिद्धता लिहिण्याची पद्धत केवळ इथलीच नाही. युक्लिडचा ‘एलिमेंट्स’ हा ग्रंथ इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराचा. त्याच्या १३ खंडांतल्या सिद्धता सलग गद्यात आहेत. डावीकडे विधान, उजवीकडे कारण अशी दोन रकान्यांची मांडणी अमेरिकी शाळांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळली. त्यामागचा हेतू चांगला होता. तोवर मुले पुस्तकातली प्रमेये पाठ म्हणून दाखवत. नव्या उदाहरणांच्या सिद्धता त्यांनी स्वतः लिहाव्यात असे ठरले, तेव्हा सर्वांना जमेल आणि शिक्षकाला भराभर तपासता येईल असा साचा हवा होता. रकान्यांनी ती सोय केली. कालांतराने सोय हाच नियम झाला. प्रत्येक पायरीपुढे कारण आहे का, एवढेच पाहिले जाऊ लागले. त्या पायऱ्या कोठे चालल्या आहेत, हे पाहायचे राहिले.

त्याचा परिणाम मोजलाही गेला आहे. अमेरिकेत शेरॉन सेंक यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भूमितीचा वर्षभराचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांच्या सिद्धता तपासल्या. समाधानकारक प्रभुत्व दाखवणारे सुमारे ३० टक्केच निघाले. इंग्लंड-वेल्समध्ये लुलू हिली आणि सीलिया हॉइल्स यांनी ९० शाळांतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे अडीच हजार मुलांवर केलेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुले गणितात चांगली होती. त्यांच्यापुढे एकाच विधानाच्या अनेक सिद्धता ठेवल्या आणि दोन प्रश्न विचारले. यांतली तुम्ही स्वतः लिहाल अशी कोणती? आणि शिक्षक सर्वांत जास्त गुण देतील अशी कोणती? दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगळी आली. गुणांसाठी मुलांनी बीजगणिताच्या चिन्हांत लिहिलेली सिद्धता निवडली. स्वतःसाठी मात्र त्यांना आपल्या भाषेत समजावून सांगणारी सिद्धता जवळची वाटली. आणि स्वतः लिहिताना शब्दांतल्या सिद्धता त्यांना चिन्हांतल्या सिद्धतांपेक्षा बऱ्या जमल्या.

हा निष्कर्ष कोणत्याही मराठी शाळेत पडताळून पाहता येईल. ‘लागोपाठच्या तीन संख्यांची बेरीज ३ ने भागली जाते’ हे विधान द्यावे. काही मुले ४, ५, ६ आणि १०, ११, १२ घेऊन थांबतील. काही क्ष, क्ष अधिक १, क्ष अधिक २ मांडून ‘तीन क्ष अधिक तीन’पर्यंत पोहोचतील. एखादी मुलगी म्हणेल, ‘मोठ्या संख्येतला एक काढून लहान संख्येला दिला, की तिन्ही सारख्या होतात. मग बेरीज म्हणजे मधल्या संख्येची तिप्पट.’ ही सिद्धता पूर्ण आहे, कोणत्याही तीन संख्यांना लागू आहे आणि शेजारच्या मुलाला लगेच पटणारी आहे. पण उत्तरपत्रिकेत तिला पूर्ण गुण मिळतील, याची खात्री त्या मुलीला नसते. म्हणून तिला जे कळले ते ती लिहीत नाही, आणि लिहिते ते तिला तितकेसे कळलेले नसते.

राज्य मंडळाच्या पुस्तकांत सिद्धतेकडे दुर्लक्ष आहे असे म्हणता येणार नाही. नववीच्या भूमितीत सशर्त विधाने, व्यत्यास, पक्ष आणि साध्य यांची ओळख करून दिली जाते. अडचण प्रश्नपत्रिकेत आहे. ४० गुणांच्या भूमितीच्या प्रश्नपत्रिकेत ‘कृती पूर्ण करा’ हा प्रकार आता रुळला आहे. सिद्धता छापलेली असते, मध्ये चौकटी रिकाम्या असतात, त्या भरायच्या. कच्च्या मुलाला यामुळे आधार मिळतो आणि काही गुण हाती लागतात, हे खरे. सिद्धता वाचायला शिकण्याची पहिली पायरी म्हणून हा प्रकार चांगलाही आहे. पण चौकट भरणाऱ्याला कोठून सुरुवात करायची आणि पुढची पायरी कोणती, हे कधीच ठरवावे लागत नाही. ते दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवलेले असते. सायकलला मागून धरणारा हात कधी तरी सुटला पाहिजे. तो दहावीपर्यंत सुटलाच नाही, तर पुढे विज्ञान शाखेत गेलेल्या मुलांची अवस्था अवघड होते. राष्ट्रीय पातळीवरही चित्र फार वेगळे नाही. २००५ च्या अभ्यासक्रम आराखड्यानंतर आलेल्या एनसीईआरटीच्या नववी-दहावीच्या पुस्तकांत ‘गणितातील सिद्धता’ हा सुंदर भाग होता, पण परिशिष्टात. परिशिष्टाचे काय करायचे, हे विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की वर्गातली किती मुले गणितज्ञ होणार आहेत? फारच थोडी. पण सिद्धतेचा खरा उपयोग बाकीच्यांनाच आहे. पावसाळ्यात घरोघरी होणारा एक संवाद आठवावा. ताप आला, रक्त तपासले, प्लेटलेट कमी निघाल्या. झाले, ‘डेंग्यूच आहे’. डेंग्यूत प्लेटलेट बऱ्याचदा कमी होतात, हे खरे. त्यावरून प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू, हे निघत नाही. मलेरियात, इतर काही विषाणूजन्य तापांत आणि काही औषधांमुळेही त्या कमी होतात. मूळ विधान खरे म्हणून त्याचा व्यत्यास खरा मानण्याची ही चूक आहे. समभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना लंब असतात, पण कर्ण लंब असलेला प्रत्येक चौकोन समभुज नसतो, पतंगाचेही कर्ण लंब असतात, हे नववीतल्या मुलाने शिकलेले असते. ते त्याने खरोखर समजून घेतले असेल, तर घरच्या गडबडीत ‘आधी डॉक्टरांना विचारू’ असे म्हणणारे तेच असेल.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विड्या ओढत होते, त्यांना काही झाले नाही’ हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येते. ‘प्रत्येक विडी ओढणाऱ्याला कर्करोग होतो’ असे विधान असते, तर एक आजोबा ते खोडायला पुरे होते. गणितात ‘सर्व’ म्हणणारे विधान एका प्रतिउदाहरणाने पडते. वैद्यकाचे विधान वेगळे आहे: धूम्रपानाने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी वाढतो. त्याला एका आजोबांनी धक्का लागत नाही. ‘सर्व’ कोठे म्हटले आहे आणि ‘धोका वाढतो’ कोठे, हे ओळखण्याची सवय भूमितीच्या तासाला लागू शकते. मोबाइलवर रोज येऊन पडणाऱ्या घरगुती उपायांच्या, चमत्कारी काढ्यांच्या आणि अर्धवट आकडेवारीच्या काळात ही सवय जिवाशी संबंधित आहे.

मग करायचे काय? नवी पुस्तके, नवे प्रशिक्षण यांची वाट पाहण्याची गरज नाही. आहे त्याच तासात, आहे त्याच प्रमेयांत काही बदल शक्य आहेत. पहिला, विधान फळ्यावर ‘प्रमेय’ म्हणून लिहिण्याआधी प्रश्न म्हणून लिहावे. ‘असे नेहमीच होईल का?’ मुलांना खरे-खोटे यावर पैज लावू द्यावी. दुसरा, लिहिण्याआधी बोलू द्यावे. शेजारच्याला पटवून द्यायचे आणि शेजाऱ्याने दर वाक्याला ‘कशावरून?’ विचारायचे. साच्यातली कारणे इथूनच आपोआप उगवतात.

तिसरा, चुकीच्या गोष्टींना वर्गात जागा द्यावी. दोन त्रिकोणांत दोन बाजू आणि एक कोन समान दिसला, की मुले डोळे झाकून ‘बाकोबा’ लिहितात, कोन त्या दोन बाजूंच्या मधला नसला तरी. त्यावर लाल रेघ मारून गुण कापण्याऐवजी कंपास हातात द्यावा. कोन अ ४० अंश, बाजू अब ५ सेंमी आणि बाजू बक ४ सेंमी, असा त्रिकोण काढा. ब पासून ४ सेंमीचा कंस मारला, की तो कोनाच्या दुसऱ्या भुजेला दोन ठिकाणी छेदतो. एकाच मापांचे दोन वेगळे त्रिकोण समोर उभे राहतात. ‘बाबाको’ अशी कसोटी का नाही, हे त्यानंतर कोणी विसरत नाही.

चौथा बदल परीक्षेचा आणि तो सर्वांत अवघड. साठ मुलांचा वर्ग, संपत नसलेला अभ्यासक्रम आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात तपासायच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, या चक्रात शिक्षकाला नमुना उत्तराचाच आधार असतो. त्याला दोष देता येत नाही. म्हणूनच पुढाकार मंडळाने घ्यायला हवा. प्रश्नपत्रिकेत वर्षाला एक तरी छोटा प्रश्न असा असावा, की ज्याची सिद्धता कोणत्याच पुस्तकात छापलेली नाही. दुसरा असा, की ज्यात दिलेल्या सिद्धतेतली चुकीची पायरी शोधायची आहे. तपासनिसांच्या सूचनांत स्पष्ट लिहावे, की साचा पाळलेला नसला तरी तर्क बरोबर असेल तर पूर्ण गुण द्यावेत. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सहा प्रश्नांना प्रत्येकी ७ गुण असतात आणि बरोबर सिद्धता कोणत्याही वाटेने आलेली असली तरी तिला पूर्ण गुण मिळतात. जगातल्या सर्वांत हुशार मुलांना जी मोकळीक आहे, ती दहावीच्या मुलाला नाकारण्याचे कारण नाही.

पक्ष, साध्य आणि सिद्धता हा साचा टाकून द्यावा, असे कोणी म्हणणार नाही. विचार नीट मांडायला शिस्त लागते आणि ती शिस्त हा साचा देतो. पण आधी विचार हवा, मग त्याची मांडणी. आज सुरुवात मांडणीने होते आणि विचाराची पाळी येण्याआधी तास संपतो. या जूनमध्ये नववीच्या वर्गात भूमितीचा पहिला तास सुरू होईल, तेव्हा एखाद्या मुलाने हात वर करून ‘पण हे कशावरून?’ असे विचारले, तर त्याला ‘पुस्तकात बघ’ हे उत्तर मिळू नये. त्या प्रश्नासाठीच तर तो तास वेळापत्रकात आहे.